यीस्टचं नाव काय? पिंपरीची माती, एक स्वस्त गोळी आणि दाद न देणाऱ्या बुरशा



आजचा विषय खरं तर डॉक्टर मंडळींचा, आणि आम्ही पडलो तत्त्वज्ञानाचे. त्यामुळे आधीच सांगून टाकतो, कोणत्या दुखण्यावर काय घ्यावं हे आमच्याकडून कोणी विचारून घेऊ नये. आम्ही बोलणार आहोत ते इतिहासाबद्दल. मात्र या इतिहासात एक प्रश्न पुन्हा पुन्हा वर येतो आणि तो थेट आमच्या विषयाचा आहे: समोर जे आहे त्याला नाव कसं द्यायचं, आणि नाव चुकलं तर पुढे काय होतं.

२०२१ चा उन्हाळा आठवा. करोनाची दुसरी लाट ओसरत होती आणि आपल्या घाटीत, खासगी रुग्णालयांत काळ्या बुरशीचे, म्हणजे म्युकरमायकोसिसचे रुग्ण येऊ लागले होते. मेडिकल दुकानात डोकेदुखीच्या गोळीपलीकडे ज्यांना कधी नाव घ्यावं लागलं नव्हतं, ती माणसं ‘ॲम्फोटेरिसिन-बी’ हा शब्द न अडखळता म्हणू लागली. इंजेक्शन मिळेना. कोणत्या जिल्ह्याच्या वाट्याला किती कुप्या, हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयाच्या आपल्या इथल्या खंडपीठापुढे गेला. औषधाच्या वाटणीचा हिशेब न्यायालयात मांडावा लागतो, ही साधी गोष्ट नाही.

म्युकर ही यीस्ट नव्हे, ती धाग्यांनी वाढणारी बुरशी. आज आपल्याला बोलायचंय ते यीस्टबद्दल, एकपेशीय बुरशीबद्दल. आपल्या शहराला यीस्ट काही परकं नाही. नान-खलियातल्या नानाचं खमीर म्हणजे यीस्टच की! पण म्युकरच्या त्या साथीने एक गोष्ट उघडी केली आणि ती यीस्टलाही लागू आहे. बुरशीवरची बाजारातली सगळ्यात प्रसिद्ध आणि स्वस्त गोळी, फ्लुकोनॅझोल, म्युकरपुढे जन्मापासूनच निकामी आहे. म्हणून सगळा भार एकाच जुन्या इंजेक्शनवर आला. जीवाणूंवर औषधांची रांग लागलेली आणि बुरशीवर मात्र हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढे औषधांचे वर्ग, असं का?

कारण बुरशी आपली जवळची नातेवाईक आहे. जीवाणूची पेशी आपल्यापेक्षा इतकी वेगळी, की तिला मारणारी गोष्ट आपल्याला सहसा इजा करत नाही. बुरशीची पेशी मात्र आपल्यासारखीच, केंद्रक असलेली. फरक थोडे आहेत. एक महत्त्वाचा फरक पेशीच्या पडद्यात आहे: आपल्या पडद्यात कोलेस्टेरॉल असतं, बुरशीच्या पडद्यात अर्गोस्टेरॉल. बुरशीवरची बरीचशी औषधं या एका फरकावर उभी आहेत. घरच्या माणसाशी भांडताना शब्द जपून वापरावे लागतात, तसंच आहे हे.

या औषधांचा इतिहास मातीतून सुरू होतो. दुसऱ्या महायुद्धानंतर पेनिसिलिन आणि त्याच्यासारखी प्रतिजैविकं जगभर पसरली. जीवाणू मेले, पण तोंडातली, आतड्यातली जी जागा ते अडवून बसले होते ती मोकळी झाली आणि तिथे यीस्ट फोफावलं. एका औषधाने दुसऱ्या रोगाला जागा करून दिली. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य विभागातल्या दोन स्त्रिया यावर काम करत होत्या. एलिझाबेथ हेझन न्यूयॉर्क शहरात, रेचल ब्राऊन ऑल्बनीला. मातीतले जंतू वेगळे काढायचे हेझन यांनी आणि त्यांच्यातलं रसायन शोधायचं ब्राऊन यांनी. नमुने टपालाने ये-जा करत. व्हर्जिनियातल्या एका मित्राच्या गोठ्याजवळच्या मातीतून त्यांना हवा तो जंतू सापडला आणि १९५० मध्ये निस्टॅटिन जाहीर झालं. नावात ‘न्यूयॉर्क स्टेट’ आहे, नीट ऐकलं तर ऐकू येतं. त्यातून मिळालेली रॉयल्टीची मोठी रक्कम दोघींनी स्वतःसाठी घेतली नाही, ती संशोधनाला गेली. पाचेक वर्षांनी व्हेनेझुएलातल्या ओरिनोको नदीच्या परिसरातल्या मातीतून ॲम्फोटेरिसिन आलं. म्हणजे २०२१ मध्ये आपण ज्या कुपीसाठी धावत होतो, तिचं मूळ ओरिनोकोकाठच्या मातीत आहे.

आणि तिसरी माती आपली, पिंपरीची.

हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना १९५४ साली पुण्याजवळ पिंपरीला उभा राहिला. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांची मदत होती. उद्देश एकच, स्वतंत्र देशाला स्वतःचं पेनिसिलिन मिळावं. पण कारखान्यात संशोधन विभागही होता आणि त्याचे प्रमुख होते मंडयम जीरसन्निधी तिरुमलाचार. ते मूळचे म्हैसूरकडचे, बुरशीशास्त्रातले गाढे अभ्यासक. त्यांच्या गटाला पिंपरीच्याच मातीत एक स्ट्रेप्टोमायसिस सापडला. त्याला नाव दिलं ‘स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना’. जगाच्या शास्त्रीय नामावळीत पिंपरी गाव असं जाऊन बसलं. या जंतूपासून जे औषध मिळालं ते हॅमायसिन. १९६१ साली ते जाहीर झालं. त्या नावातली ‘हॅ’ आणि ‘मा’ ही अक्षरं कारखान्याच्या नावाची आठवण करून देतात, असं आम्हाला नेहमी वाटत आलं आहे. त्याच प्रयोगशाळेतून पुढे ऑरिओफंजिनही आलं. हॅमायसिन माणसांसाठी, तर ऑरिओफंजिन झाडांच्या बुरशीजन्य रोगांसाठी.

याचं महत्त्व नीट लक्षात घ्या. ज्या कारखान्यातून पेनिसिलिन निघत होतं, म्हणजे यीस्टला रान मोकळं करून देणारं औषध निघत होतं, त्याच कारखान्याच्या आवारात यीस्टवरचा उपायही शोधला जात होता. दोन्ही गोष्टी एका छताखाली. आम्हाला स्वतंत्र भारताच्या सुरुवातीच्या काळातला हा एक अतिशय सुंदर प्रसंग वाटतो, आणि त्याबद्दल शाळेच्या पुस्तकात एक ओळही नसावी याचं वाईट वाटतं.

हॅमायसिन तोंडातल्या, योनिमार्गातल्या यीस्टच्या संसर्गावर वापरलं गेलं. शरीरात खोल गेलेल्या बुरशीवर त्याचे प्रयोग अमेरिकेतही झाले. पण निस्टॅटिन, ॲम्फोटेरिसिन आणि हॅमायसिन ही सगळी एकाच घराण्यातली, पॉलिन वर्गाची औषधं. ती अर्गोस्टेरॉलला जाऊन चिकटतात आणि पेशीच्या पडद्याला भोकं पाडतात. ती पाण्यात नीट विरघळत नाहीत आणि पोटातून रक्तात पुरेशी उतरत नाहीत. ॲम्फोटेरिसिन शिरेतून दिलं की थंडी वाजून हुडहुडी भरते, मूत्रपिंडावर ताण येतो. मग मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. नीलिमा क्षीरसागर आणि दिल्ली विद्यापीठाचे डॉ. बी. के. बच्छावत यांच्या गटांनी ॲम्फोटेरिसिन चरबीच्या सूक्ष्म गोळ्यांत, म्हणजे लायपोसोममध्ये, बसवण्याचं काम केलं. त्यातून देशी लायपोसोमल ॲम्फोटेरिसिन आलं. त्या कामाचा इतिहास कोणीतरी सविस्तर लिहायला हवा.

पिंपरीचा कारखाना पुढे १९९० च्या दशकात आजारी उद्योगांच्या यादीत गेला. त्याची कारणं आर्थिक होती आणि तो वेगळा विषय आहे. पण हॅमायसिन विस्मरणात जाण्याचं दुसरं एक कारण होतं: तोवर फ्लुकोनॅझोल आलं होतं.

इंग्लंडमधल्या सँडविच गावी फायझर कंपनीच्या प्रयोगशाळेत ते तयार झालं आणि १९८० च्या दशकाच्या अखेरीस बाजारात आलं. ही ॲझोल वर्गाची गोळी. ती अर्गोस्टेरॉलला चिकटत नाही, तर ते तयार होण्याच्या कामात मध्येच अडथळा आणते. गोळी गिळली की रक्तात उतरते, हुडहुडी नाही, मूत्रपिंडाला फारसा त्रास नाही. डॉक्टरांना हायसं वाटलं असणार. आणि आपल्या देशात १९७० च्या पेटंट कायद्यामुळे २००५ पर्यंत औषधाच्या रेणूवर पेटंट मिळत नसे. त्यामुळे भारतीय कंपन्यांनी ती स्वतः बनवली आणि फार स्वस्तात विकली. एड्सच्या काळात आफ्रिकेतल्या आणि आपल्या रुग्णांना या स्वस्ताईने आधार दिला. हे मोठं पुण्य आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. आज कुठल्याही तालुक्याच्या मेडिकलमध्ये ती गोळी मिळते, बहुधा चिठ्ठीशिवायही.

पण एक औषध इतकं सुटसुटीत झालं, की मग समोर नेमकं कोण आहे हे विचारण्याची गरज वाटेनाशी होते. यीस्ट दिसलं, द्या फ्लुकोनॅझोल.

आमच्या न्यायशास्त्रात लक्षणाचे, म्हणजे व्याख्येचे, तीन दोष सांगितले आहेत. विद्यार्थ्यांना आम्ही ते गाईच्या उदाहरणाने शिकवत आलो, तसं ते परंपरेनेच चालत आलंय. ‘गाय म्हणजे तांबूस रंगाची’ असं म्हटलं तर पांढऱ्या गाई सुटतात, ही अव्याप्ती. ‘गाय म्हणजे शिंगं असलेली’ म्हटलं तर म्हैसही आत येते, ही अतिव्याप्ती. ‘गाय म्हणजे एका खुराची’ म्हटलं तर एकही गाय सापडत नाही, हा असंभव. आता ‘यीस्ट म्हणजे फ्लुकोनॅझोलने मरणारी बुरशी’ ही व्याख्या तपासा. ती कधी कोणी लिहिली नाही, पण वागण्यात होती. आणि ती अव्याप्तीने भरलेली निघाली.

१९९१ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक शोधनिबंध आला. अस्थिमज्जा प्रत्यारोपणाच्या आणि पांढऱ्या पेशी खूप कमी झालेल्या रुग्णांना बुरशी होऊ नये म्हणून आधीच फ्लुकोनॅझोल दिलं जात होतं. नेहमीचं यीस्ट, कँडिडा अल्बिकन्स, आटोक्यात राहिलं. पण कँडिडा क्रुसेई नावाचं एरवी विरळ दिसणारं यीस्ट वाढलं. क्रुसेई फ्लुकोनॅझोलला मुळातच दाद देत नाही. ते बदललं नव्हतं, शिकलं नव्हतं. फक्त शेजारी मेल्यामुळे त्याला जागा मिळाली. पेनिसिलिनने जे यीस्टच्या बाबतीत केलं, तेच फ्लुकोनॅझोलने क्रुसेईच्या बाबतीत. एड्सच्या रुग्णांत मात्र दुसरा प्रकार दिसला. महिनोन्‌महिने गोळी घेतल्यावर अल्बिकन्सच बदललं, आत आलेलं औषध बाहेर उपसून टाकायला शिकलं. तेव्हा ‘प्रतिरोध’ या एका शब्दात दोन वेगळ्या गोष्टी आहेत: एक जन्मजात, एक कमावलेला. बोलताना आपण त्यांची गल्लत करतो.

क्रुसेईची आणखी एक गंमत सांगतो. अन्न आंबवण्याच्या उद्योगात पिचिया कुद्रियावझेवी नावाचं यीस्ट अनेक ठिकाणी वापरलं जातं. २०१८ मध्ये जनुकांचा पूर्ण अभ्यास झाला तेव्हा स्पष्ट झालं, की हे दोन वेगळे जीव नाहीतच. रुग्णालयात त्याचं नाव कँडिडा क्रुसेई आणि आंबवणाच्या पिंपात पिचिया कुद्रियावझेवी. एकाच माणसाचं रेशनकार्डावर एक नाव आणि मतदार यादीत दुसरं, तसं. नावं दोन असल्यामुळे आरोपी आणि कामगार एकच आहे हे कळायला इतकी वर्षं लागली.

आपल्या देशात अशा विरळ यीस्टचा एक मोठा उद्रेक फार आधी होऊन गेला आहे. चंदीगडच्या पीजीआय संस्थेत १९९६ ते १९९८ या काळात, २३ महिन्यांत, ३७९ नवजात अर्भकांना आणि मुलांना पिचिया अनोमाला या यीस्टचा रक्तात संसर्ग झाला. हे नाव तोवर बहुतेक डॉक्टरांनी ऐकलंही नसेल. ते पसरत होतं कर्मचाऱ्यांच्या हातांवरून. थांबलं कशाने? हात धुण्याच्या मोहिमेने, आणि कमी दिवसांच्या व धोक्यातल्या बाळांना निस्टॅटिन किंवा फ्लुकोनॅझोल आधीच दिल्याने. हेझन आणि ब्राऊन यांचं १९५० चं औषध अर्ध्या शतकानंतर चंदीगडच्या बाळांच्या कामी आलं. पण पहिली पायरी होती ती म्हणजे कोणीतरी प्रयोगशाळेत बसून त्या यीस्टचं नाव शोधून काढलं ही. नाव कळलं म्हणून हे सगळे रुग्ण एकाच माळेचे मणी आहेत हे कळलं.

आता येतं सध्याचं प्रकरण, कँडिडा ऑरिस. ऑरिस म्हणजे लॅटिनमध्ये कान. २००९ मध्ये टोकियोतल्या एका ७० वर्षांच्या बाईंच्या कानातून ते वेगळं काढलं आणि नवी जाती म्हणून जाहीर केलं. दोन वर्षांनी दक्षिण कोरियातून रक्तातल्या संसर्गाचे रुग्ण नोंदले गेले. त्यातला एक नमुना १९९६ पासून साठवून ठेवलेला होता, तेव्हा ओळखला गेला नव्हता. २०१३ मध्ये दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटच्या डॉ. अनुराधा चौधरी यांच्या गटाने दोन रुग्णालयांतले १२ रुग्ण जाहीर केले. या रुग्णांचे नमुने २००९ ते २०११ मधले होते. म्हणजे टोकियोत बारसं होत होतं तेव्हाच दिल्लीत ते रुग्णांच्या रक्तात होतं. फक्त इथे त्याला दुसऱ्याच नावाने हाक मारली जात होती.

रुग्णालयातली नेहमीची यंत्रं यीस्टला निरनिराळ्या साखरा आणि रसायनं देऊन बघतात, कोणती वापरली कोणती नाही ते टिपतात आणि आपल्या यादीशी ताडून नाव सांगतात. यादीत ऑरिस नव्हतंच. मग यंत्र काय करणार? सगळ्यात जवळचं नाव देणार. बहुतेक वेळा ते ‘कँडिडा हीम्युलोनी’ असं सांगत असे. ही अतिव्याप्ती. हीम्युलोनीच्या व्याख्येत म्हैस आत आली आणि कोणाच्या लक्षात आलं नाही. ज्ञात नावांच्या यादीबाहेर काही असू शकतं, हे यंत्राला माहीत नसतं. आता प्रथिनांचा ठसा वाचणारी किंवा जनुकक्रम वाचणारी यंत्रं आली आहेत, ती ऑरिस ओळखतात. पण ती मोठ्या केंद्रांत. लहान शहरात अजूनही बऱ्याच रिपोर्टवर ‘नॉन-अल्बिकन्स कँडिडा’ एवढंच लिहिलेलं असतं. म्हणजे ‘हा गणपतराव नाही’ इतकंच. मग कोण आहे?

आणि इथे नाव चुकणं ही शास्त्रीय हौसेची बाब राहत नाही. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने इतर देशांतल्या संशोधकांबरोबर ५४ रुग्णांचे नमुने तपासले, त्यात आपल्याकडचेही होते. त्यातले ९३ टक्के फ्लुकोनॅझोलला दाद देत नव्हते, ३५ टक्के ॲम्फोटेरिसिनला, आणि ४ टक्के तिन्ही मुख्य वर्गांच्या औषधांना. तिसरा वर्ग म्हणजे इकायनोकँडिन. त्याचं पहिलं औषध २००१ मध्ये आलं. ही औषधं पेशीच्या भिंतीवर काम करतात आणि ऑरिसवर बहुधा तीच पहिली निवड असते. ती महाग आहेत, फक्त शिरेतून देता येतात. आता कल्पना करा, आयसीयूतल्या रुग्णाच्या रक्तात यीस्ट वाढलंय, रिपोर्टवर नाव अपुरं आहे, आणि हाताशी स्वस्त गोळीचंच शिरेतून द्यायचं रूप आहे. त्या दोन-तीन दिवसांत काय होतं ते आम्ही सांगायला नको.

२०११-१२ मध्ये देशातल्या २७ आयसीयूंमधले यीस्टच्या रक्तसंसर्गाचे १४०० रुग्ण अभ्यासले गेले. त्यात ७४ जणांना ऑरिस होतं आणि हे रुग्ण १९ आयसीयूंमध्ये विखुरलेले होते. जगभर धोक्याची घंटा वाजली २०१६ मध्ये. म्हणजे आपल्याकडे चार-पाच वर्षं आधीच ते घरात येऊन बसलं होतं. आधी बुरशीचं औषध मिळालेलं असणं हा त्या रुग्णांतला एक धोक्याचा घटक निघाला. करोनाच्या पहिल्या लाटेत, २०२० मध्ये, दिल्लीच्या एका आयसीयूत यीस्टचा रक्तसंसर्ग झालेल्या १५ करोना रुग्णांपैकी १० जणांना ऑरिस होतं आणि त्यातले सहा दगावले. ऑरिस माणसाच्या कातडीवर, खाटेच्या कठड्यावर आठवडेच्या आठवडे टिकतं. ऑक्सफर्डमध्ये तर काखेत लावायच्या थर्मामीटरवरून ते पसरत असल्याचं सापडलं. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने धोकादायक बुरशांची पहिली यादी काढली, त्यात ऑरिस सगळ्यात वरच्या गटात आहे.

ते आलं कुठून? जगाच्या चार भागांत चार वेगवेगळी घराणी जवळपास एकाच काळात वर आली, म्हणजे विमानातून एका ठिकाणाहून सगळीकडे गेलं असं म्हणता येत नाही. पृथ्वी तापल्यामुळे बाहेरचं यीस्ट आपल्या अंगाच्या उष्णतेला सरावलं, असा एक तर्क आहे. दुसरा संशय शेतीवर आहे. द्राक्षावरच्या भुरीला नाशिक-सांगलीकडे जे हेक्साकोनॅझोल, टेब्युकोनॅझोल फवारतात, ते फ्लुकोनॅझोलचंच भावंड. ॲस्परजिलस या दुसऱ्या बुरशीच्या बाबतीत शेतातल्या ॲझोलमुळे दवाखान्यातला प्रतिरोध वाढतो, याचे भक्कम पुरावे युरोपात मिळाले आहेत. शेतकऱ्याला दोष देणं मात्र आम्हाला पटत नाही. फवारलं नाही तर बाग जाते, आणि फवाऱ्याच्या बाटलीवर दवाखान्याचा उल्लेख कोणी केलेला नसतो.

डॉ. चौधरी यांच्या गटाने ऑरिस निसर्गात शोधलं. २०२१ मध्ये त्यांनी जाहीर केलं, की अंदमानात एका खाऱ्या दलदलीत आणि एका वाळूच्या किनाऱ्यावर ते सापडलं. दलदलीतला एक नमुना वेगळा होता: त्याला औषधं लागू पडत होती आणि जास्त उष्णतेत तो हळू वाढत होता. प्रतिरोध कमावलेला आहे, जन्माचा नाही, याची ही खूण. वर्षभराने त्यांनीच उत्तर भारतातली ६२ सफरचंदं तपासली. आठांवर ऑरिस होतं, आणि ती सगळी साठवून ठेवलेली फळं होती, झाडावरून नुकतं तोडलेलं एकही नाही.

आता शेवटची गोष्ट, पुन्हा नावाचीच. २०२४ मध्ये वर्गीकरण करणाऱ्यांनी ठरवलं, की ऑरिस आणि त्याचे जवळचे सोबती कँडिडा या कुळातले नाहीतच, आणि त्यांच्यासाठी ‘कँडिडोझायमा’ हे नवं कुळ केलं. जनुकांच्या नात्याने पाहिलं तर हे बरोबरच आहे. पण नाव बदललं की कागदपत्रांचं काय होतं, हे आपल्या शहराला कोणी समजावून सांगायला नको. आता काही वर्षं एका प्रयोगशाळेच्या रिपोर्टवर ‘कँडिडा ऑरिस’ येईल, दुसरीच्या रिपोर्टवर ‘कँडिडोझायमा ऑरिस’. रात्री दोन वाजता आयसीयूत रिपोर्ट वाचणाऱ्या निवासी डॉक्टरला ही दोन्ही नावं एकाचीच आहेत हे माहीत असायला हवं. काही प्रयोगशाळा नवं नाव लिहून कंसात जुनं देतात. आम्हाला विचाराल तर ही पद्धत घाटीपासून तालुक्याच्या लॅबपर्यंत सगळ्यांनी उचलावी. त्याला एक ओळ जास्तीची शाई लागते, इतकंच.

एवढं बोलून थांबतो. आता प्रश्न घेऊ.